दोघींपुरता राग

६ जानेवारी २०२५, सोमवार
बेलवली, बदलापूर पश्चिम

नवी नोकरी, नवी खोली, नवी डायरी. डायरी आईनं दिली. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये ज्या जीन्सच्या कारखान्यात ती धागे कापायला जाते, तिथल्या शेठनं नव्या वर्षाला वाटलेली. देताना म्हणाली, राग आला की हिच्यात लिही, माणसांवर काढू नको, चौथी नोकरी आहे ही. तर आई, आज लिहायला रागच नाही. चौतीस वर्षांत असा दिवस पहिल्यांदा उगवला असेल.

जागा छान आहे. नदीच्या अंगाला तीन मजली बंगला, त्यातच माझी खोली, आणि गच्चीवर पांढरा फायबरचा घुमट. मालक हरेशभाई सिंधी, कॅम्प पाचचेच, फायबर शीटचा धंदा. एका शाळेनं त्यांना तारांगणासाठी घुमट बनवायला सांगितला आणि तयार झाल्यावर नको म्हणून कळवलं. आता एवढ्या घुमटाचं करायचं काय? भंगारात घालायला जीव होईना. शेवटी त्यांनी तो इथे चढवला, आतून काळा केला, मधोमध प्रोजेक्टर ठेवला आणि 'शांतिबिंदू' नावाचं ध्यानकेंद्र काढलं. दर रविवारी सकाळी अकराला लोक येतात. दार लावलं की भर दिवसा आत मिट्ट काळोख. लोक तारे बघतात, डोळे मिटतात, अहंकार सोडतात आणि खाली येऊन साबुदाणावडा खातात.

मला ठेवलंय ते ताऱ्यांचं विज्ञान सांगायला. हरेशभाईंनी मुलाखतीत एकच गोष्ट सांगितली, की टीचर, मेरे को सितारों का कुछ नहीं समझता, तुम्ही बोलाल ते फायनल. मी बोलेन ते फायनल असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही.

त्यांची मुलगी जिज्ञासा खाली टेबलावर नोंदणी करते. तिनं दुपारी विचारलं, दीदी, फुल नेम बोला ना, प्लेट बनवायची आहे. संध्याकाळी दारावर पाटी लागली: संध्या किसन भालेराव, एम.एस्सी. मी पाच मिनिटं पाटीसमोर उभी होते. हसू नये कोणी. पहिलीत नाव घालताना कारकुनानं बाबांचं नाव 'किसन्या' लिहिलं होतं. आईनं हरकत घेतली तर म्हणाला, तुमच्यात असंच असतं ना. बाबा त्याच वर्षी गेलेले. आई कामावर खाडा करून दोन दिवस शाळेच्या पायरीवर बसली आणि मी तिच्या शेजारी. कोणी उठवायला आलं की म्हणायची, माझ्या नवऱ्याचं नाव सरळ लिहा, मग उठते. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी वही मागवली आणि 'किसन' झालं. आज अठ्ठावीस वर्षांनीही आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

बघ आई, म्हणता म्हणता आलाच राग.

९ जानेवारी, गुरुवार

आधीचं व्याख्यान वाचलं आणि डोकं फिरलं. कोणा महाभागानं लिहिलंय, 'तुमचा अहंकार कृष्णविवरात फेकून द्या.' कृष्णविवर म्हणजे काय कचराकुंडी आहे? पुढे लिहिलंय की तारे प्रेमानं चमकतात. पाच पानं नुसता चिखल. हे ऐकून लोक डोळे पुसतात आणि वडा खाऊन घरी जाऊन पुन्हा भांडतात. काही होत नाही, ते बरोबरच आहे.

अहंकार हा शब्द ऐकला की मला आमचे सर आठवतात. मृगातला तांबडा तारा, काक्षी, त्याच्या मंदावणाऱ्या उजेडावर मी सहा वर्षं काम केलं. रात्र रात्र बसून काढलेल्या माझ्या नोंदी. निबंध छापून आला तेव्हा वर एकट्या सरांचं नाव आणि शेवटी बारीक अक्षरांत, 'तांत्रिक साहाय्य: एस. भालेराव'. मी विचारायला गेले तर चहा मागवला आणि म्हणाले, संध्या, एवढा अहंकार बरा नाही, शास्त्रज्ञानं नम्र असावं. स्वतःचं नाव छापून आलेला माणूस मला नम्रता शिकवत होता! अहंकार सोड हे नेहमी त्यालाच सांगतात ज्याच्याकडे तेवढंच असतं. मी चहा तसाच ठेवला, नोकरीही तिथेच सोडली आणि आले. आजही ते सर समोर दिसले तर तो कप त्यांच्या डोक्यात घालीन.

तर आता माझं व्याख्यान. दुपारभर बसून लिहिलं. खरं जे आहे ते असं, की तारा म्हणजे एक भांडण. त्याचं स्वतःचं वजन त्याला आत दाबतं आणि आतला जाळ बाहेर रेटतो. भांडण चालू तोवर तारा. जाळ टिकवायला तो आधी हायड्रोजन जाळतो, लाखो वर्षं. मग हेलियम, मग कार्बन, आणि दरवेळी सरपण लवकर संपतं. सिलिकॉन तर एका दिवसात. शेवटी पोटात लोखंड जमतं. लोखंड जाळून काही मिळत नाही. तिथे जाळ थांबतो आणि लाखो वर्षं उभा असलेला तारा एका सेकंदात आतल्या आत कोसळतो. आणि जेवढा तारा मोठा तेवढा तो लवकर विझतो.

म्हणून अहंकाराला कुठे फेकायची गरज नाही, असं मी लिहिलं. तुमच्या आत काय जळतंय ते शोधा. कोणाचा राग, कुठला अपमान. एकेकाचं नाव घ्या आणि चुलीतलं लाकूड ओढावं तसं मागे ओढा. बाकीचं वजन करेल.

हरेशभाईंना वाचून दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण टाळ्या वाजवल्या.

१९ जानेवारी, रविवार

पहिलं व्याख्यान झालं. जिज्ञासानं पत्रक छापलंय, त्यावर माझं नाव आणि तेही वर, ठळक. चार पत्रकं आईसाठी पिशवीत टाकली.

बावीस माणसं होती. बोलणं संपवून मी घुमटावर तारा कोसळताना दाखवला आणि वीस मिनिटं शांत बसायला सांगितलं. आधीच्या रविवारी लोक खोकत होते, चुळबूळ करत होते. या वेळी इतकी शांतता पडली की मला माझ्या घड्याळाचा आवाज येईना. खरंच येईना. कानाशी नेलं तरी नाही. मग दिवे लावले तसा परत आला.

सुदाम म्हणून एक गृहस्थ आहेत, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, इथलंच जुनं शेतकरी घराणं. महातापट. सख्ख्या भावाशी बांधाच्या भिंतीवरून बारा वर्षं वाद. आल्या आल्या चप्पल ठेवण्यावरून वॉचमनशी भांडले होते. दिवे लागल्यावर ते तसेच बसून होते. मी हात लावला तर हात थंडगार. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, काहीच नाही.

मला फार बरं वाटलं. माझं व्याख्यान लागू पडलं.

२ फेब्रुवारी, रविवार

सुदाम रोज येतात. अकराला घुमटात जाऊन बसतात, शो असो वा नसो. जिज्ञासा सांगत होती की भावानं माणसं आणून ती भिंत पाडली आणि अंकल खुद हथौडा पकडवत होते, हसत हसत. सगळी बेलवली वाहवा करतेय. माणूस कसा सुधारला! मला मात्र आज त्यांच्याशेजारी बसल्यावर एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. मी त्यांना काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि काय विचारायचं तेच गेलं. हातातला चहा दोन घोटांत गार झाला. आणि घुमटावर, ते बसतात त्याच्या बरोबर वर, तारे उमटत नाहीत. प्रोजेक्टर दोनदा पुसला.

असेल काहीतरी. पंचेचाळीस माणसं होती आज! पुढच्या रविवारी हरेशभाई स्वतः बसणार आहेत.

आईला फोन केला. ये ऐकायला, तुझी मुलगी शिकवते कशी ते बघ म्हटलं. आधी कुरकुर केली. म्हणाली, विहारात पण सांगतात की 'मी, मी' धरून बसू नका. पण आधी माणूस म्हणून उभं करतात, मग सांगतात. तुमच्या त्या घुमटात सरळ आडवंच करत असतील. मी चिडले. तिला म्हटलं, सरांनी चोरलं, शाळेनं चोरलं, आता कुठे माझं नाव छापून आलंय तर तूही खोट काढ. मग येते म्हणाली. नवीन साडी नेसून येते म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार

आई पहिल्या रांगेत होती. जांभळी साडी. मी बोलत होते तेव्हा शेजारच्या बाईला कोपर मारून सांगत होती, माझी पोरगी आहे. मला हसू आवरेना. एवढं सुंदर मी आयुष्यात बोलले नसेन.

वीस मिनिटांनी दिवे लावले. हरेशभाई उठले नाहीत. आणखी सहा जण उठले नाहीत.

आई उठली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आईला माझ्या खोलीत आणलंय. ती बसवलं तिथे बसते, झोपवलं तिथे झोपते. हाक मारली तर बघते, पण आई म्हटलं काय, जनाबाई म्हटलं काय, भिंत म्हटलं काय, सारखंच. चेहऱ्यावर ते हसू. माझ्या आईचं हसू तसं नाही! माझी आई हसताना आधी शिवी देते.

डॉक्टरला बोलावलं. रक्तदाब उत्तम, साखर उत्तम. म्हणाला, बाई किती शांत आहेत, तुम्हीच जरा शांत व्हा. मी त्याची बॅग जिन्यावरून खाली फेकली.

काल कारखान्यात तिची वाट बघून मुकादमाचा फोन आला होता. मी मुद्दाम स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, उस बुढ्ढी को बोल, नहीं आना तो दूसरी रख लूँ. याच माणसाला तिनं एकदा 'बुढ्ढी' म्हटल्याबद्दल सगळ्या बायांसमोर कात्री टेबलात रोवून माफी मागायला लावली होती. काल ऐकून घेतलं आणि हसली.

मी केलंय हे. आधीचा चिखल चांगला होता, त्यानं कोणाचं काही बिघडत नव्हतं. मला बरोबर लिहायची हौस. मला माझं नाव वर हवं होतं. तिच्या आत काय जळत होतं हे मला माहीत नव्हतं का? त्याच्यावरच तर आम्ही दोघी जगलो. आणि मीच तिला माइकवरून सांगितलं, लाकूड मागे ओढा.

घुमटाला कुलूप घातलं. न उठलेले बाकीचे सगळे, सुदामही, जिन्यात बसलेत. गोल करून, तोंडं आत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते.

सुदामची बायको सुंदराबाई आली. पदर खोचून, गेटपासूनच ओरडत. माझ्या अंगावर धावून आली. मना माझा भांडकुदल नवराच परत पायजे, म्हणत होती, ह्यो गोड मानूस मना नको. विचारलं तर तिचं नावही त्याला सांगता येत नाही, बायको कोण ते त्याला ठाऊक नाही. मी जिन्याकडे बोट दाखवलं.

मग ती त्याच्यासमोर उभी राहून अर्धा तास बोलली. सासूनं काय केलं, दिरानं काय केलं, पहिलं मूल गेलं तेव्हा तो कुठे होता, तीस वर्षांचं सगळं. आणि माझ्या लक्षात आलं की तिचा आवाज उतरत चाललाय. दमली नव्हती ती. एकेक गोष्ट सांगून झाली की तिच्या चेहऱ्यावरून पुसली जायची. आणि सुदामची मान लाल होत होती. शेवटी ती पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि मला फार अदबीनं विचारलं, हे घर कोनाचं?

सुदाम ताडकन उठले. माझी भिंत कोनी पाडली, म्हणून बोंब ठोकली. बायकोला दंडाला धरून घेऊन गेले. ती पाहुण्यासारखी त्यांच्यामागून गेली.

दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील आणि एक विझून आक्रसला, तर तो जवळच्याचं ओढून घेतो. कधी कधी पुन्हा पेटतो. क्लासमध्ये शंभरदा शिकवलंय मी हे.

म्हणजे आईला पेटवता येईल. पण सुंदराबाईनं घाईत सगळंच ओतलं. मी बेतानं देईन. या डायरीत माझा सगळा राग आहे, एकेक पान वाचून दाखवीन आणि वेळेत थांबेन. सुंदराबाई साधी बाई. मी संध्या भालेराव आहे. माझ्याकडे दोघींना पुरेल एवढा राग आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

९ जानेवारीचं पान वाचलं. सर, काक्षी, बारीक अक्षरं, चहाचा कप. आईचा हात हातात धरून. कपापर्यंत आले तेव्हा तिची बोटं हलली. गरम झाली. आणि ती बोलली. पाच... सहा दिवसांनी बोलली! म्हणाली, मेला.

मी रडले. खूप रडले.

आता तेच पान पुन्हा वाचून पाहिलं. अक्षर माझंच आहे. पण एवढं काय लागलं होतं मला? निबंधावर कोणाचं तरी नाव असतंच. त्यांचं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरचं पान वाचलं. मुकादमाचं वाचलं. मुकादमाच्या पानाला तिनं हातातलं ताट आपटलं आणि म्हणाली, डाळ आळणी आहे. मीठ आणायला धावले. स्वयंपाकघरात गेल्यावर कशाला आले ते आठवेना. बराच वेळ उभी होते. आतून ओरडली, मीठ! किती छान ओरडली.

अकराला खाली लोक आले होते, पत्रक बघून. परत पाठवायला हवं होतं. जिज्ञासानं कुलूप उघडलं बहुतेक. तिला रागवायचं होतं — शब्द सापडले नाहीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जिज्ञासा तिच्या बाबांशेजारी बसलीय. कालपासून. हसतेय. नोंदणीच्या टेबलावर तिचा फोन वाजतोय.

हे बघून मला काहीतरी वाटायला हवं.

आई अजून मला ओळखत नाही. सगळ्या जगावर चिडलीय, पण कोणावर ते तिला माहीत नाही. मला म्हणाली, ओ बाई, केस बांधा, जेवणात पडतील. बाई म्हणाली.

डायरीत वाचायची पानं थोडी उरली. मोठा तारा लवकर विझतो, हे मीच —

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ती पुन्हा थंड होती. हसत होती. अर्ध्या जाळावर तग धरत नाही. पूर्ण पेटायला हवी, नाहीतर रोज विझणार.

एकच पान राहिलंय. पहिलं. शाळेची पायरी.

ते द्यायचं नाही. त्यात बाबांचं नाव आहे. माझं आहे. ते गेलं तर —

थांबेन म्हटलं होतं. इथेच थांबायचं होतं. 

तिनं दोन दिवस पायरीवर बसून मिळवलेलं नाव. तिचंच आहे ते. माझ्याकडे ठेवायला दिलेलं.

१९ फेब्रुवारी

रागावून बघितलं. आरशात. होत नाही. आत लोखंड आहे नुसतं.

भीती आहे अजून. भीती कशी काय उरली?

कोणी हिसकावून घेतलं असतं तर — सरांनी घेतलं तसं. कोणते सर? — पण हे मी देतेय. देणं वेगळं. हे त्या घुमटात मला सांगता आलं नाही. लाकूड मागे ओढून काही होत नाही. दुसऱ्याच्या चुलीत —

उद्या वाचते. आधी तिचे केस विंचरून घेते.

२० फेब्रुवारी

वाचलं. 'माझ्या नवऱ्याचं नाव सरळ लिहा, मग उठते.' तिथे तिनं डायरी धरली. माझ्या हातासकट. हात भाजत होता तिचा. पुढचं तिनंच म्हटलं, पान न बघता. कारकुनाचं नाव, साडीचा रंग, किती ऊन होतं. ओरडून ओरडून. मग माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा —

मी शेवटची ओळ वाचली का? वाचली. हो.

छान शांत वाटतंय. घड्याळ बंद पडलंय बहुतेक.

जिन्यात जागा केलीय त्यांनी. एकाची.

.

ऊन आलंय. जिन्यात बसलं की नदी दिसते. ही वही कोणाची तरी आहे, पेन मात्र हातात होतं.

जांभळ्या साडीतली एक बाई वरून खाली, खालून वर करतेय. दारावरची पाटी काढून हातात घेतलीय. फार चिडलेली आहे. संध्ये, संध्ये म्हणून हाका मारतेय. सगळ्यांना धरून हलवतेय. मलाही हलवलं. रडतेय आणि शिव्या देतेय. म्हणते, माझ्या पोरीचं नाव घ्या, नाव घ्या तिचं, मी इथून उठणार नाही. पायरीवर बसलीय आता, माझ्या शेजारी. हात किती गरम आहे तिचा. तिला कोणीतरी सांगायला हवं. बिचारी उगाच बसून राहील. इथे त्या नावाचं कोणी